सज्ज्यावरचा मायचा आवाज

लग्नाची कॅसेट आहे, पण लावायला व्हीसीआर नाही... घरोघरी हीच कथा! त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या असतील, तर आता फार थांबून चालायचं नाही.

दिवाळीची झाडझूड निघाली की सज्ज्यावरून काय काय खाली येतं! पितळेची मोठी गुंडं, फुटका कंदील, पोरांच्या पाळण्याची दोरी आणि एखाद्या लोखंडी पेटीच्या तळाशी जुन्या साडीत गुंडाळलेल्या दोन-चार काळ्या कॅसेटी. वर स्केचपेनने लिहिलेलं असतं – ‘ताईचं लग्न, भाग १’. ‘भाग २’ कुठे गेला, हे कुणालाच ठाऊक नसतं. आपण त्या फडक्याने पुसतो, क्षणभर हातात धरतो आणि परत पेटीत ठेवून देतो. फेकवत नाही आणि पाहताही येत नाही. तुमच्याही घरी असंच आहे ना?

आपल्या भंडारा जिल्ह्यात लग्नाची व्हिडिओ शूटिंग चांगली रुळली ती नव्वदच्या दशकात. आठवतंय का ते? शूटिंगवाल्याच्या खांद्यावर भला मोठा कॅमेरा. मागे एक पोरगा हातात प्रखर दिवा घेऊन आणि त्याच्या मागे वायर सांभाळणारा आणखी एक पोरगा. तो उजेड तोंडावर आला की बायका पटकन पदर ओढायच्या, म्हाताऱ्या तोंड फिरवायच्या आणि लहान मुलं मुद्दाम समोर येऊन नाचायची. मे महिन्याचं ऊन, मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्या वाळत चाललेल्या, त्यात त्या दिव्याची धग. नवरीच्या कपाळावरची हळद घामाने ओघळायची. तरी शूटिंग हवीच! ती नसली तर सोयरे नावं ठेवायचे.

मग महिन्या-दोन महिन्यांनी कॅसेट यायची, ‘मिक्सिंग’ होऊन. गुलाबाच्या फुलातून नवरा, बदामातून नवरी, ताजमहालासमोर दोघं. आणि सगळ्यावर सिनेमाची गाणी. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं लग्नाच्या कॅसेटी त्याच गाण्यांनी भरल्या. तेव्हा आपल्याला ते फार भारी वाटलं होतं. पण आज ती कॅसेट नीट ऐका. हळद लागतेय, पाच सवाष्णींचे ओठ हलताहेत, आजी काहीतरी सांगतेय, कुणीतरी खो-खो हसतंय... आणि ऐकू येतंय सिनेमाचं गाणं. मिक्सिंगवाल्याने मूळ आवाज काढून टाकला. त्याच्या लेखी तो गोंगाट होता. पण आपल्या झाडीपट्टीतल्या बायका हळदीला, तेल चढवायला, नवरी निघताना जी गाणी म्हणतात, ती कुठल्या वहीत लिहिलेली होती? म्हणणारीच्या गळ्यात होती. ती गेली की गाणंही गेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं. स्टुडिओवाल्याच्या कॅसेटीआधी घरच्या माणसाने काढलेली कॅसेट शोधा. कुणाचा तरी मामा भिलाईला, कुणाचा काका जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, कुणाचा भाऊ आखाती देशात नोकरीला असायचा. त्याने हौसेने छोटा हँडीकॅम घेतलेला असायचा. त्याच्या कॅसेटीत चित्र हललेलं असेल, अर्ध्या लोकांची डोकी कापलेली असतील, पण आवाज खरा असतो.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं उदाहरण सांगते. त्यांचं माहेर पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. ते गाव गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेलं. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला या धरणाचं भूमिपूजन झालं, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि पाणी अडवायला लागल्यावर भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावं टप्प्याटप्प्याने उठली. जाऊबाईंच्या माहेरच्यांना पुनर्वसनात प्लॉट मिळाला, सिमेंटचं घर झालं. कवेलूचं घर, ओसरी, आंगणातला कडुनिंब, सगळं मागे राहिलं. त्यांची माय नव्या घरात दोन वर्षंच राहिली. तिचा एक फोटो आहे भिंतीवर, निवडणूक ओळखपत्रावरून मोठा केलेला. तेवढाच.

जाऊबाईंचं लग्न १९९५ च्या मे महिन्यातलं. स्टुडिओची तीन तासांची कॅसेट होतीच, गाण्यांनी भरलेली. पण त्यांच्या भिलाईच्या मामांनी हळदीच्या दिवशी आपल्या कॅमेऱ्यावर एक छोटी कॅसेट भरली होती, ‘व्हिडिओ एट’ नावाची. ऑडिओ कॅसेटीपेक्षाही जराशी लहान. ती व्हीसीआरमध्ये जात नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणी पाहिलीच नव्हती. मामी गेल्या वर्षी इकडे आल्या तेव्हा कॅमेरा आणि कॅसेट दोन्ही घेऊन आल्या. बॅटरी केव्हाच मेलेली, पण अडॅप्टर लावल्यावर कॅमेरा सुरू झाला. माझ्या पुतण्याने वायरी जोडल्या, लॅपटॉपवर चित्र आलं. आधी नुसत्या पांढऱ्या रेघा, मग आंगण, मग माणसं.

कॅमेरा नवरीवर होता. माय कुठेच दिसत नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, ‘ते कामात असन, कुठची दिसते?’ आणि तेवढ्यात मागून आवाज आला, ‘अवं, पोरीले पानी द्या वं कोनी!’

पुतण्याने विचारलं, ‘काकू, मागे घेऊ?’ जाऊबाईंना बोलता येईना. त्यांनी नुसती मान हलवली. ते एक वाक्य आम्ही त्या दिवशी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. पुढे साधारण मिनिटभर माय दिसतेसुद्धा, पाठमोरी, हातात गुंड घेऊन सांदवाडीकडे जाताना. बस्स, तेवढीच. मायबाया अशाच असतात ना कॅसेटीत? मुलीच्या लग्नात सगळ्यात जास्त राबलेली बाई फ्रेमच्या कडेला, अर्धी, धावपळीत!

नंतर ती फीत पुनर्वसनातल्या गावात नेऊन दाखवली, तेव्हा एक गंमतच झाली. नवरीकडे कुणी पाहीना. सगळ्या जणी तिच्या मागचं पाहत होत्या. ‘थांब, थांब! हा आमचा दरवाजा.’ ‘ही बोअरिंग, हिच्यावर पाण्याला जाव आमी.’ जे गाव आता पाण्याखाली आहे ते तिथे त्या बारा-पंधरा मिनिटांत हालतं-बोलतं होतं.

आता जरा कामाचं बोलू.

कॅसेटीतली फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर लोहचुंबकीय भुकटीचा थर एका प्रकारच्या डिंकाने चिकटवलेला असतो. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटीत अशी अडीचशे मीटरहून जास्त फीत असते. म्हणजे पाव किलोमीटर! हा डिंक वर्षानुवर्षं दमट हवेत ओल शोषतो, मऊ पडतो आणि मग भुकटी सुटायला लागते. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. चार महिने भिंतींना ओल, आणि उन्हाळ्यात त्याच सज्ज्यावर पत्र्याखाली भट्टी. कॅसेटीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

दुसरी अडचण यंत्रांची. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणली. चाळीस वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं बंद केलं. मोठ्या उत्पादकांपैकी ती शेवटची. तेव्हापासून जगात जेवढे व्हीसीआर आहेत ते सगळे जुनेच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं की, २०२५ पर्यंत जे टेपवरून उतरवलं जाणार नाही ते बहुतेक कायमचं जाईल. २०१९ मध्ये युनेस्कोनेही टेपच्या धोक्याबद्दल जगभरच्या संग्रहालयांना सावध करण्याचा प्रकल्प हाती घेतला. ते वर्ष तर मागे पडलं. म्हणून कॅसेटी लगेच मेल्या असं नाही, पण चालू व्हीसीआर आणि तो दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही दरवर्षी कमी होत चाललेत. तुमसर-साकोलीकडे कुणाच्या घरी चालू व्हीसीआर असेल तर त्या घराशी सोयरीक ठेवा, एवढंच म्हणते!

कॅसेट हातात घेतली की आधी तिच्या खिडकीतून आत पाहा. फितीच्या कडेला पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट चुकूनही यंत्रात घालू नका. यंत्राला बुरशी लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही. ती वेगळी पिशवीत बांधून ठेवा आणि जाणकाराकडेच द्या. बाकीच्या कॅसेटी आठ-दहा दिवस कोरड्या खोलीत, उभ्या, उन्हापासून दूर राहू द्या. नव्या पर्समध्ये, चपलांच्या खोक्यात त्या छोट्या दाणेदार पुड्या येतात ना, ओल शोषणाऱ्या? त्या फेकू नका, कॅसेटीच्या डब्यात टाका. आणि हे काम ऐन पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला बरी.

यानंतरचं काम म्हणजे कॅसेटीच्या पाठीवर डाव्या बाजूला असलेली छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकणं. ती मोडली की त्या कॅसेटीवर नवीन काही भरता येत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींच्या हळदीवर त्यांच्या यजमानांनी १९९६ च्या विश्वचषकातली भारत-पाकिस्तान मॅच भरून ठेवली आहे. बंगळूरची, आपण जिंकलो ती! वहिनी म्हणतात, ‘जिंकले म्हणून माफ केलं.’ बाकी हा दोष काही एकट्या नवऱ्यांचा नाही. बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग पडते म्हणून कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या आणि नंतर जगभर प्रती शोधत बसले.

उतरवण्याची रीत तशी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागे पिवळं, लाल आणि पांढरं अशी तीन भोकं असतात. पिवळ्यातून चित्र येतं आणि लाल-पांढऱ्यातून आवाज. त्यातून निघालेल्या वायरी एका छोट्या ‘व्हिडिओ कॅप्चर’ डबीत जातात आणि ती डबी यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची. ऑनलाइन ही डबी काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळते. अगदी स्वस्तातली घेतली तर कधी कधी आवाज आणि ओठ यांचा मेळ चुकतो, एवढं लक्षात ठेवा. कॅसेट लावायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं गुंडाळून चिकटलेली फीत मोकळी होते. चित्रावर आडव्या रेघा आल्या तर व्हीसीआरचं ‘ट्रॅकिंग’ बटण हळूहळू फिरवा. तरीही चित्र बर्फ पडल्यासारखंच दिसत असेल तर आतलं हेड खराब झालंय. ते सेकंदाला पंचवीस फेरे मारणारं नाजूक चाक आहे. कानात घालायचा कापूस त्यावर फिरवू नका, तंतू अडकतात. मेकॅनिककडून साफ करून घ्या.

मात्र वेळ लागतो. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, तिथे घाई चालत नाही. तेवढ्यात लाइट गेली तर? म्हणून लॅपटॉप बरा, आणि व्हीसीआर इन्व्हर्टरवर. मी तर म्हणते, तोवर समोर बसून वडीचं पीठ मळा, भाजी निवडा, पण खोली सोडून जाऊ नका. फीत मध्येच अडकली तर लगेच थांबवायला माणूस हवा.

कॉम्प्युटरवर चित्र हलताना कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. घाबरू नका, कॅसेट बिघडलेली नाही. जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींनी बनायचं, त्याची ती खूण. ‘हँडब्रेक’सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘डी-इंटरलेस’ केलं की जातात. पण मूळ उतरवलेली फाइल तशीच ठेवून वेगळी प्रत सुधारा. तीन तासांच्या कॅसेटीची फाइल साधारण सहा जीबीची होते.

अमेरिकेतल्या दिराने किंवा बहिणीने पाठवलेली कॅसेट असेल तर तिकडची पद्धत वेगळी आहे. साध्या भारतीय व्हीसीआरवर ती काळी-पांढरी किंवा उड्या मारत दिसते. दुकानदाराला ‘मल्टिसिस्टिम आहे का?’ असं विचारा. आणि २००० नंतरच्या हँडीकॅमची अगदी छोटी, काडेपेटीहून थोडी मोठी ‘मिनी डीव्ही’ कॅसेट असेल, तर ती तीन रंगांच्या वायरीने उतरवू नका. तिच्यात चित्र आधीच डिजिटल असतं. ‘फायरवायर’ नावाच्या वेगळ्या वायरीने ते जसंच्या तसं, तसूभरही न बिघडता कॉम्प्युटरवर येतं. तासाला तेरा जीबी लागतात, पण लागू द्या. नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं. एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत जुना कॉम्प्युटर अजून धूळ खात पडलेला असतो, तिथे चौकशी करा.

घरी जमत नसेल तर स्टुडिओत द्यायला हरकत नाही. नागपूरला करून देणारे आहेत, भंडाऱ्यातही विचारपूस केली तर सापडतात. पण दोन गोष्टी ठासून सांगा. एक, ‘आमचा मूळ आवाज तसाच ठेवा, वर गाणं टाकू नका.’ आणि दुसरी, ‘कॅसेट आम्हाला परत हवी.’ ही दुसरी गोष्ट का, तर २००३-०४ च्या सुमारास व्हीसीडीची लाट आली होती. लोकांनी लग्नाच्या कॅसेटी सीडीवर करून घेतल्या आणि कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. व्हीसीडीत चित्राच्या निम्म्या ओळी गळतात, आणि त्या सीड्यांचा मुलामा आता पापुद्र्यासारखा सुटतोय. ज्यांनी कॅसेट ठेवली त्यांना आज पुन्हा चांगली प्रत काढता येते. उद्या आणखी चांगलं यंत्र येईलही.

झालेल्या फाइलच्या दोन प्रती करा, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे. नुसता पेनड्राइव्ह भरवशाचा नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली तर प्रतच नव्हे, ती दाबून चपटी केलेली सावली! यूट्यूबवर टाकायची असेल तर आणखी एक मजा. मिक्सिंगवाल्याने घातलेल्या सिनेमाच्या गाण्यावर कंपनीचा हक्क निघतो आणि कधी कधी तेवढा आवाज बंद केला जातो. म्हणजे आधी गाण्याने मायचा आवाज घालवला, आता गाणंही गेलं!

आणि टाकण्याआधी विचारा. लग्नाच्या कॅसेटीत पुढे घटस्फोट झालेली नणंद असते, विधवा झालेली चुलत बहीण हिरव्या चुड्यात हसत असते. कुणाला ते पाहायचं असतं, कुणाला नाही. ग्रुपवर टाकून मोकळं होण्याआधी तिला एक फोन करायला किती वेळ लागतो?

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र यानंतरचं, आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा आणि कोण कोण ते लिहून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवें यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी बायकांचे आवाज टेपवर घेतले. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ओव्या ऐकायला मिळू लागल्या. तिथे गायिकेचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. म्हणून तो नुसता ‘बायकांचा आवाज’ राहत नाही, तो अमक्या गावच्या अमकीचा आवाज होतो. आपल्याकडची रोवणीची गाणी, मंडईतली दंडार, २०१४ ला बंदी येण्याआधीचे शंकरपट असं किती काय कुणाकुणाच्या हँडीकॅममध्ये असेल! त्यावर नाव-गाव लिहिलेलं नसेल तर तो नुसता गर्दीचा व्हिडिओ.

जाऊबाईंनी त्यासाठी शाळेची एक दोनशेपानी वही घेतली आहे. डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे नाव आणि नातं. ‘३ मिनिटं १० सेकंद – धाकटी आत्या, पिवळं पातळ.’ ‘७ मिनिटं – गावचे गुरुजी, आता नाहीत.’ मायच्या त्या वाक्यासमोर त्यांनी काहीच लिहिलं नाही, नुसती रेघ मारून ठेवली आहे. चौतीस नावं झाली, सहा राहिली. त्यातली एक बाई लाल लुगड्यातली आहे. मायने ‘पानी द्या’ म्हटल्यावर तीच उठून पेला घेऊन येते. जाऊबाईंना ती ओळखू येत नाही, मामींनाही नाही. पवनीच्या मावशी येत्या महिन्यात येणार आहेत, त्यांना दाखवायचंय.